‘मग कोणता ब्राउझर वापरू?’ तुम्ही विचारलंत म्हणून

भाषांतराच्या कामामुळे माझा दिवसातला बराचसा वेळ ब्राउझरसमोर जातो, हे ओळखीच्यांना माहीत आहे. त्यामुळे घरात नवा लॅपटॉप आला की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला येतो. क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी असे इतके ब्राउझर फुकट मिळत असताना त्यांपैकी नेमका कोणता निवडावा? गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी हे विचारले आणि त्याच आठवड्यात एका सहकाऱ्यांनीही विचारले. दोघांनाही मी घाईघाईत एकेका नावात उत्तर दिले, आणि दोघांना दिलेली नावे वेगळी होती. हे त्यांच्या बोलण्यातून एकमेकांना कळले, तेव्हा कारणे नीट मांडणे मला भाग आहे असे वाटले.

वेग हा मुद्दा मी प्रथम बाजूला ठेवते. बातम्या वाचणे, पत्रे पाहणे, तिकीट काढणे अशा रोजच्या कामांत आजच्या प्रमुख ब्राउझरांच्या वेगातला फरक बहुतेकांना जाणवतही नाही. संगणक मंदावतो तो बहुधा चाळीस-पन्नास टॅब उघडे ठेवल्यामुळे, आणि ती सवय कोणताही ब्राउझर घेतला तरी आपल्याबरोबर येते. खरा फरक दोन गोष्टींत उरतो. एक म्हणजे ब्राउझरमध्ये मुळातच असलेल्या सोयी, आणि दुसरी म्हणजे त्याला वरून जोडता येणारी एक्स्टेंशन म्हणजे छोटे प्रोग्राम, ज्यांना फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन म्हणतात. सोयी ब्राउझर बनवणारे देतात, तर एक्स्टेंशन कोणीही बनवू शकतो. मात्र ब्राउझर जेवढी मुभा देतो तेवढेच ते करू शकते. ही मुभा कोण ठरवतो, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

वर घेतलेल्या सहा नावांपैकी पाच ब्राउझर एकाच गिरणीतून दळून आलेले आहेत. क्रोमचा पाया असलेला क्रोमियम हा मुक्त प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही घेऊन वापरता येतो असा, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी यांचाही पाया आहे. ऑपेराने प्रेस्टो हे स्वतःचे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, सोडून २०१३ मध्ये हा मार्ग धरला, आणि मायक्रोसॉफ्टने क्रोमियमवर उभारलेले नवे एज जानेवारी २०२० मध्ये सर्वांसाठी आणले. त्यामुळे क्रोमच्या दुकानातली एक्स्टेंशन या पाचही ठिकाणी चालतात, आणि ही मोठी सोय आहे. मात्र एक्स्टेंशनला काय करू द्यायचे याचा नियम क्रोमियममध्ये बदलला की तो बदल उरलेल्या चौघांच्या दारातही येऊन उभा राहतो. वेगळ्या इंजिनावर चालणारे मोठे ब्राउझर आता दोनच उरले आहेत: गेको इंजिनवरचा फायरफॉक्स आणि वेबकिटवरचा अ‍ॅपलचा सफारी.

या पाचांच्या अंगच्या सोयींमध्ये फरक नाही असे मात्र मुळीच नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला पडद्यावर फार वेळ वाचता येत नाही. तिच्या संगणकावर मी एज ठेवला आहे, कारण त्यात पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे आणि मराठीसाठी आरोही व मनोहर असे दोन आवाज आहेत. जोडाक्षरे ते स्वच्छ उच्चारतात, आणि स्वल्पविरामापाशी थांबतातही. आईला दुसरा ब्राउझर सुचवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. टॅब एकावर एक रचून ठेवणे, दोन पाने शेजारी शेजारी लावणे, प्रत्येक कळ आपल्या मनाप्रमाणे बसवणे हे ज्यांना हवे असते, त्यांच्यासाठी विवाल्डी आहे. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक असलेले यॉन फॉन टेट्झनर यांनी सुरू केलेल्या या ब्राउझरची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. ब्रेव्हमध्ये जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवण्याची यंत्रणा मुळातच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. उभे टॅब किंवा टॅबांचे गट यांवरून निवड करण्यात आता अर्थ राहिलेला नाही, कारण फायरफॉक्समध्येही ते २०२५ मध्ये आले.

तरीही मी स्वतः फायरफॉक्स का वापरते, याचे मुख्य कारण एक्स्टेंशनच्या बदललेल्या नियमांत आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे.

एखादे पान उघडताना ब्राउझर केवळ तेवढेच पान मागवत नाही. त्या पानावर दिसणारी चित्रे, जाहिराती, मोजणी करणारे छोटे कोड अशा अनेक वस्तूंसाठी तो निरनिराळ्या ठिकाणी विनंत्या पाठवतो. जुन्या पद्धतीत जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन या विनंत्यांच्या वाटेवर बसलेले असे. विनंती आली की ती तपासायची आणि सोडायची की रोखायची हे त्याच क्षणी ठरवायचे, असे त्याचे काम होते. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले यूब्लॉक ओरिजिन याच पद्धतीने चालते. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीत क्रोमने हा अधिकार सर्वसामान्य एक्स्टेंशनकडून काढून घेतला. आता एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा, अशी रचना आहे. प्रत्येक एक्स्टेंशनला अशा ३०,००० तयार नियमांची हमी असते, आणि त्याहून अधिक नियम हवे असतील तर ते सर्व एक्स्टेंशनच्या सामाईक कोट्यातून घ्यावे लागतात. जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन क्रोममध्ये २०२४ च्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली, आणि २०२५ मध्ये ती पूर्णपणे थांबली. यूब्लॉक ओरिजिनची लाइट नावाची नवी आवृत्ती तेथे चालते आणि बहुतेक जाहिराती ती अडवतेही. परंतु एखाद्या पानासाठी बारीकसारीक नियम स्वतः लिहिण्याची मूळ आवृत्तीइतकी ताकद तिच्यात नाही.

या बदलामागे क्रोम बनवणाऱ्या गुगलने सुरक्षितता, खासगीपणा आणि वेग ही कारणे दिली, आणि त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रत्येक विनंती वाचू शकणारे एक्स्टेंशन दुष्ट हातांत गेले तर घातक ठरू शकते. मात्र नव्या नियमांतही विनंत्या नुसत्या पाहत राहण्याची परवानगी एक्स्टेंशनला मिळते; काढून घेतली आहे ती अडवण्याची. पाहण्याची मुभा राहावी आणि रोखण्याची जावी, यातून माझा खासगीपणा कसा वाढला, हे मला अजून पटलेले नाही. शिवाय ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते, तिने जाहिराती कशा अडवायच्या याचे नियम ठरवावेत, ही व्यवस्थाच मला मान्य नाही. फायरफॉक्सने नवी नियमावली स्वीकारताना अडवण्याचा अधिकार कायम ठेवला, आणि माझ्यासाठी निवड तेथेच झाली.

फायरफॉक्सचा इतिहासही सरळ रेषेतला नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हापासून एक्स्टेंशन हेच त्याचे मोठे बलस्थान होते, आणि त्या काळी ती ब्राउझरचा जवळजवळ कोणताही भाग बदलू शकत असत. संशोधकांना संदर्भ सांभाळण्यासाठी उपयोगी पडणारे झोटेरोदेखील २००६ मध्ये फायरफॉक्सचे एक्स्टेंशन म्हणूनच जन्माला आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७ व्या आवृत्तीत, ही जुनी पद्धत बंद झाली आणि अनेक आवडती एक्स्टेंशन कायमची गेली. ब्राउझर वेगवान आणि स्थिर झाला, पण किंमत मोठी होती. शिवाय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो, याची मला काळजी वाटते. पर्याय टिकावा असे वाटत असेल तर तो वापरणारी माणसेही टिकली पाहिजेत, एवढे मात्र मला कळते.

माझ्या रोजच्या कामात तीन अ‍ॅड-ऑन आहेत. पहिले यूब्लॉक ओरिजिन. दुसरे मल्टी-अकाउंट कंटेनर्स: यात प्रत्येक टॅबला रंगाचा एक कप्पा देता येतो आणि एका कप्प्यातल्या कुकीज, म्हणजे तुम्हाला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी, दुसऱ्यात जात नाहीत, त्यामुळे कामाचे आणि घरचे अशी दोन्ही ईमेल खाती मी एकाच खिडकीत शेजारी शेजारी उघडी ठेवते. क्रोममध्ये यासाठी वेगळे प्रोफाइल करून वेगळी खिडकी उघडावी लागते. तिसरा मराठीचा शब्दकोश, जो चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. मराठीत शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागत जातात, त्यामुळे ‘गावाकडच्यांनासुद्धा’ यासारखा बरोबर शब्दही तो कधी कधी चुकीचा ठरवतो. पण ‘आशिर्वाद’ आणि ‘दिपावली’ त्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि थकलेल्या डोळ्यांना तेवढी मदत पुष्कळ होते.

तीनच का, असेही मला विचारतात. एक्स्टेंशन बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते आणि आपण वाचल्यावाचून होकार देतो. त्यात बँकेचे पानही आले. शिवाय एक्स्टेंशनचा मालक बदलू शकतो. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोकांच्या विश्वासातले एक्स्टेंशन होते. २०२० मध्ये ते दुसऱ्यांच्या हाती गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडच्या कारणावरून गुगलला ते दुकानातून काढून टाकावे लागले. शेजारच्या काकूंकडेही वेगळे घडले नाही. पीडीएफ जोडण्यासाठी म्हणून बसवलेले कुठलेसे एक्स्टेंशन त्यांचे शोधाचे पान बदलून भलत्याच ठिकाणी नेत होते, आणि त्या सहा महिने संगणकाला दोष देत होत्या. ते काढल्यावर दुसरे काहीही करावे लागले नाही.

दुसरा ब्राउझर संगणकावर असावाच, हेही सांगितले पाहिजे. काही कार्यालयीन संकेतस्थळे केवळ क्रोम किंवा एज गृहीत धरून बनवलेली असतात, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला तत्त्वासाठी भांडण्यात शहाणपण नाही. अशा कामांसाठी मी एक क्रोमियम ब्राउझर एकही एक्स्टेंशन न घालता ठेवते. फोनवर मात्र निवड सोपी होते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात, आणि डिसेंबर २०२३ पासून त्यासाठीचे दुकानही खुले झाले. आपल्याकडच्या आयफोनवर कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत इंजिन वेबकिटच असते, त्यामुळे तेथे सफारी सोडण्याची घाई करू नये.

काकू, तुमच्याकडे मी रविवारी येणारच आहे. त्याआधी सध्याच्या ब्राउझरमधली एक्स्टेंशनची यादी उघडून ठेवा, आणि ज्याच्यामुळे तुमचे काम अडेल असे वाटते त्या प्रत्येकाचे नाव कागदावर लिहा. त्या कागदावर काही नसेल, तर ब्राउझर बदलण्याआधी आपण ती सगळी यादीच रिकामी करू.