फियाट घरीच उभी करायची, तर पहिला पाना कुठे लावायचा?

आजोबांची किंवा काकांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजेच आपली फियाट, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. ती घरच्या गॅरेजमध्येच पुन्हा चालती करायची आहे, जमलं तर थोडी आपल्या आवडीचीही करायची आहे. मग सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहितो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं: इंजिनपासून. माझं उत्तर मात्र कायम एकच आहे: पत्र्यापासून.

कारण साधं आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या आणि दाराचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तोच कुजला असेल तर त्यात बसवलेलं नवंकोरं इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. उलट इंजिनचं काम फारसं अवघड नाही. १०८९ सीसी, चार सिलेंडर, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड, एवढाच कारभार. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ च्या डिलाइट मॉडेलपासून २००० च्या आसपासपर्यंत मूळ आराखडा तोच राहिला, आणि मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत या गाड्या टॅक्सी म्हणून धावल्या. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधली तर अजून सापडतात. चांगल्या अवस्थेतली दाराखालची पट्टी मात्र सहज मिळत नाही. ती बनवूनच घ्यावी लागते.

पाना हातात घेण्याआधी एक काम उरकून घ्या. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्याचे कागद आधी लावा. नंबर जुळत नसेल तर तो घोळ निस्तरेपर्यंत गाडीवर एक रुपयाही घालू नका.

आता पत्रा. सगळे मॅट आणि त्याखालचं तागाचं नमदं काढून टाका, कारण ओल तिथेच धरून राहते. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थप्प आवाज देतो. ड्रायव्हरच्या पायाखालची जागा, दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला जोडलेत तो भाग, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा नीट तपासा. पट्ट्यांना आणि दारांना पाणी निघून जायला भोकं असतात. ती मातीने बुजली की आतून गंज चढतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरली आहे हे बघायला फ्रिजचं चपटं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून फिरवा. ते जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीच आहे असं समजा.

कुजलेली पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप टाके (वेल्डिंगचे सुटे ठिपके) मारून बसवा. गाडी चाकांवर किंवा ॲक्सलखाली लावलेल्या लोखंडी घोड्यांवर, म्हणजे नेहमीच्या वजनावर उभी हवी. नुसत्या जॅकवर टांगलेली गाडी कापली की दाराची चौकट खचते, आणि नवी पट्टी लागल्यावर दार बसतच नाही. दोन्ही कर्णांची मापं खडूने भिंतीवर लिहून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. बाहेरच्या भागाला २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला साधा पोलादी) पत्रा पुरतो, फ्लोअरला १८ गेज घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, वेल्डिंग करताना त्याचा जस्ताचा धूर अंगाला बाधतो. साध्या रॉडच्या वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात आणि गॅस वेल्डिंगने तो वाकतो. मिग मशीन (ज्यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकते ते) भाड्याने आणा, ०.८ मिमीची तार वापरा. एक टाका मारला की दुसरा हातभर लांब मारा आणि मधल्या जागा हळूहळू भरत या. एकाच ओळीत सलग वेल्ड ओढला तर पत्रा कढत्या तव्यावरच्या पापडासारखा उचलतो. आणि हे विसरू नका: वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची आणि पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ भरलेली असते.

पत्र्यानंतर ब्रेक. गाडी चालू व्हायच्या आधी ती थांबायला हवी. चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या गाड्यांत सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे, म्हणजे एक नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. म्हणून मास्टर सिलेंडर (पेडलने ऑइलवर दाब देणारा), चाकांचे सिलेंडर, रबरी होज हे सगळं एकदमच बदला. नळ्या निकेल मिसळलेल्या तांब्याच्या घ्या. साध्या तांब्याची नळी कंपनांनी कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. जुने ब्रेक शू ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, म्हणून ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. रबरी कप धुवायला पेट्रोल किंवा ग्रीस वापरलंत तर ते फुगतात आणि ब्रेक चिकटून बसतो. तिथे ब्रेक ऑइलच लावायचं. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्या.

चाकं उतरवलेलीच असतील तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती, बघून घ्या. पुढचं चाक उचला, वर-खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंग पिनचा. किंग पिनला निपलमधून वेळेवर ग्रीस गेलं नाही की ती झिजते, आणि मग स्टिअरिंग थरथरतं. लोक ही थरथर टायरवर ढकलतात आणि व्हील बॅलन्सिंगला पैसे घालवत बसतात.

मग इंजिन. वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन सेल्फ मारून फिरवायचा मोह टाळा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात तीन-चार चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान मिसळून सोडा आणि दोन दिवस थांबा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच मागेपुढे ढकला. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर न लावता हेड उतरवा, कारण गंजाने धरलेली रिंग जबरदस्तीने हलवली तर सिलेंडरला ओरखडे पडतात. फिरणाऱ्या इंजिनचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असले तर काळजी नाही. एखादा आकडा बराच कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरवलंत तर सपाट लोखंडी पट्टी त्यावर आडवी आणि तिरकी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. ०.१ मिमीचं पातं शिरलं तर हेड फेसिंगला द्या, पण लेथवाल्याला स्पष्ट सांगा की जेवढं वाकलंय तेवढंच तासा. बसवताना नट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. हेड वाकण्यामागचं नेहमीचं कारण म्हणजे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलेलं बोअरचं पाणी. त्याचा क्षार ब्लॉकच्या वाटांमध्ये साचतो, इंजिन तापतं आणि ॲल्युमिनियम आधी हार मानतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट समप्रमाणात घाला.

पेट्रोलचा प्रश्न आता नवा आहे. पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. या गाडीचे होज आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्या काळच्या रबराचे. इथेनॉलने ते मऊ पडतात, त्यांचे कण कार्बोरेटरमध्ये जातात, आणि होज इंजिनच्या डोक्यावर गळायला लागला तर आग लागायला वेळ लागत नाही. व्हिटॉन नावाच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे होज आणि पडदा घाला. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल ज्या भोकातून येतं तो) एक पायरी मोठा लागू शकतो. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिमीचं. टाकी आतून गंजली असेल तर लिंबूसताच्या पाच-दहा टक्के द्रावणाने एक-दोन दिवस भरून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. ओली ठेवलीत तर रातोरात पुन्हा तांबूस होते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

वायरिंगबद्दल थोडंच सांगतो: हेडलाइटचा करंट जुन्या स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि मोठा करंट रिलेतून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर घेतात, आणि चाळीस वर्षांचा स्विच त्याने वितळतो.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. कोकणात किंवा मुंबईत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस पडतो, म्हणून जेवढा भाग दिवसभरात घासून होईल तेवढ्यावर त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर मारा. लांबी त्यावर भरा, उघड्या पत्र्यावर नको, कारण लांबी ओल शोषते. जाडीही दोन-तीन मिमीच्या पुढे नको. पत्रा ठोकून सरळ करायचा असतो, लांबीने नुसती शेवटची बारीक खळी भरायची. मग ८०, १८०, ३२० नंबरच्या पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा. नुसत्या बोटांनी घासलंत तर उन्हात लाटा दिसतात. घरी काम इथपर्यंतच. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क त्याच्यापुढे काहीच नाही. तो फवारा बूथ असलेल्या पेंटरकडेच मारून घ्या.

आपल्या आवडीचे बदल किती करायचे? जे पुन्हा काढून मूळ भाग बसवता येईल, ते जरूर करा: रिले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगल्या सीट, मागचे सीट बेल्ट. पुढे डिस्क ब्रेक घालायचे तर नुसती डिस्क बसवून भागत नाही. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते. शिवाय सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. छत कापणं, दुसरं इंजिन घालणं याला माझा विरोध आहे, आणि कायद्याचंही तेच म्हणणं आहे. मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि रंग बदलला तरी त्याची आरसीवर नोंद करावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रोज वापरायची असेल तर तिचं नेहमीचं पासिंग दर पाच वर्षांनी करत राहा.

गाडी बाहेर काढाल तेव्हा पहिला फेरा पाच-सहा किलोमीटरचा, सकाळी, मोकळ्या रस्त्यावर. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, कारण त्याला सिंक्रो (गिअरच्या चाकांचा वेग जुळवणारा भाग) नाही. परत आल्यावर चारही ड्रमना हात जवळ नेऊन बघा. एक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. इंजिन खोललं असेल तर ५०० किलोमीटरला ऑइल बदला, आणि जुनं ऑइल फेकण्याआधी पांढऱ्या फडक्यातून गाळून बघा. बारीक राखाडी चकाकी चालेल, तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंगं तपासा.