डांबराच्या गोदामात मुक्काम: अँटिग्वाचं इंग्लिश हार्बर

कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाच्या दक्षिणेला, नेल्सन्स डॉकयार्ड या जुन्या आरमारी गोदीत, 'अ‍ॅडमिरल्स इन' नावाचं हॉटेल आहे. ही इमारत १७८८ सालची, आणि ती माणसांना राहण्यासाठी बांधलेलीच नाही. खाली डांबर, टर्पेंटाइन आणि शिसं ठेवायचं गोदाम, वर गोदीच्या इंजिनिअरांची कचेरी. एवढं ध्यानात ठेवून गेलात तर निम्म्या तक्रारी मनात येणारच नाहीत. उरलेल्या निम्म्यांचा बंदोबस्त खोली ठरवतानाच करता येतो.

आधी इंग्लिश हार्बर या बंदराविषयी. ब्रिटिश आरमाराने ही जागा निवडली ती चक्रीवादळापासून आसरा म्हणून. चहूबाजूंनी टेकड्या, आत शिरायची वाट अरुंद आणि वळणाची, त्यामुळे लाट आत पोचतच नाही. जहाजांना हे सोयीचं होतं, पण झोपणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बारा महिने व्यापारी वारा वाहतो. इथे तोच वारा टेकड्यांआड अडतो. पंख्यावर भागेल असं समजून खोली घेऊ नका. जुलै ते ऑक्टोबर तर एसी हवाच. विटांच्या जाड भिंतींमुळे दुपारी खोली बरी राहते, पण दिवसभर तापलेली वीट रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. त्याच भिंती वायफायही अडवतात, तेव्हा फोनवर काम असेल तर अंगणात येऊन बसायचं.

खोली मागताना नुसतं 'सी व्ह्यू' म्हणू नका. मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावरची, बंदराकडे तोंड असलेली खोली मागा, आणि खाली बार किंवा जेवणाची जागा नेमकी कुठे येते तेही विचारा. लाकडी जमीन आणि जुन्या झडपांच्या खिडक्या आवाज अडवत नाहीत. वर जायला जिनाच आहे, लिफ्ट नाही; आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हे आधी सांगा. स्नानघरं नंतर बसवलेली, त्यामुळे आटोपशीर. रात्रभर टिक-टिक-टिक असा धातूचा आवाज येतो, तो नळाचा नव्हे: धक्क्याला लागलेल्या शिडाच्या बोटींच्या दोऱ्या डोलकाठीवर आपटत असतात. वारा पडला की थांबतो. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या. सामानाची चाकं दगडी वाटेवर अडखळतात आणि गाड्या सहसा गोदीच्या वेशीबाहेरच थांबतात, म्हणून मोठ्या सुटकेसपेक्षा खांद्यावरची बॅग बरी.

हॉटेलच्या कडेला, पाण्याला लागून, जाडजूड दगडी खांबांची रांग उभी आहे. डोक्यावर काहीच नाही. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात. हे बोटी ठेवायचं घर होतं आणि त्याच्या माडीवर शिडं दुरुस्त होत. बोट खांबांच्या मधल्या पाण्यात आणायची आणि शिड सरळ वर ओढून घ्यायचं, अशी सोय. पुढे वादळात छप्पर गेलं ते गेलंच. जवळच्या धक्क्यावर मोठे उभे रहाट दिसतात, तेही नीट पाहा. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट, त्यामुळे ओहोटीला जहाज उघडं पाडून बूड साफ करता येत नसे. मग जहाज रिकामं करायचं, डोलकाठीला दोर बांधायचे आणि माणसांनी रहाट फिरवून अख्खं जहाज एका कुशीवर कलतं करायचं. हे मरणाचं काम आणि गोदीचं बरंचसं बांधकाम गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी केलं. ८ मार्च १७४४ रोजी बंदुकीच्या दारूच्या स्फोटात असे आठ जण मेले. इथल्या संग्रहालयाने त्या तारखेच्या नावाने कामगारांची नावं शोधून काढायचं काम हाती घेतलं आहे, तो भाग चुकवू नका. ब्रिटिश आरमाराचा अधिकारी नेल्सन इथे १७८४ ते १७८७ होता, त्याला ही जागा मुळीच आवडत नसे, तरी पाटीवर नाव त्याचंच! १८८९ मध्ये आरमाराने गोदी सोडली, ती मोडकळीला आली, आणि डागडुजी होऊन १९६१ मध्ये पुन्हा उघडली. २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

दारातल्या पाण्यात पोहायचं नाही. बोटींची ये-जा, इंजिनाचं तेल आणि कोंडलेलं पाणी. त्यासाठी समोरच्या तीरावर गॅलियन बीच आहे. गोदीतून छोटी बोट सोडते. परतीची शेवटची फेरी कधी, हे उतरतानाच ठरवून घ्या, नाहीतर टेकडीला वळसा घालून रस्त्याने यावं लागतं. दुसरा पर्याय पिजन पॉइंट, गोदीपासून चालत पाव तासाच्या आसपास. किनाऱ्यावर मँचिनीलची विषारी झाडं असतात: चकचकीत पानं, लहान हिरव्या सफरचंदासारखं फळ. पुष्कळदा खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण नेहमीच नाही. पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहू नका; पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही कातडीला फोड येतात. फळ तर मुलांच्या हाती लागूच देऊ नका.

डास हा या मुक्कामाचा खरा त्रास. वारा नाही, पाणी साठवलेलं, झाडी दाट. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारं, डीईईटी असलेलं औषध सकाळीही लावायचं, आणि संध्याकाळी पाण्याकाठी जेवायला बसताना पायांना आधी. टेबलाखाली घोटे उघडे राहिले की संपलं.

अँटिग्वात बारमाही नदी नाही. पिण्याचं पाणी बरंचसं समुद्राचं खारेपण काढून मिळतं, बाकी पावसाचं टाक्यांत साठवलेलं. कोरड्या महिन्यांत नळाचा जोर कमी झाला तर नवल नाही. आंघोळ आटोपती ठेवा. बेटावर काही ठिकाणी ११० व्होल्ट, काही ठिकाणी २२०, आणि सॉकेट बहुधा अमेरिकन चपट्या पिनांचे. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हींवर चालतात. घरून आणलेली पाण्याची किटली ११०वर नुसती कोमट होत बसते.

जेवणात शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे फंगी: मक्याचं पीठ आणि भेंडी शिजवून केलेला मऊ गोळा. पण तिच्याबरोबर येणाऱ्या पेपरपॉट नावाच्या रश्शात खारवलेलं मांस असतं, आणि 'राइस अँड पीज'मध्येही कधी कधी मांसाचा तुकडा शिजवलेला असतो, तेव्हा विचारूनच मागवा. बाहेरची रोटीची दुकानं सोयीची. चण्याची भाजी भरलेली रोटी पोटभर होते. हॉटेलात रोज जेवायची गरज नाही, एक संध्याकाळ पुरे.

रविवारी शर्ली हाइट्स या टेकडीवर दुपारनंतर स्टील बँड, शेकोटीवरचं मांस-मासे आणि सूर्यास्त. गॅलियन बीचकडून पायवाट वर जाते, चढायला अर्धा-पाऊण तास. उन्हं कलल्यावर पाणी घेऊन निघा. उतरताना टॅक्सीच, कारण अंधारात ती वाट धड दिसत नाही. भाडं आधी ठरवा, आणि आकडा कुठल्या डॉलरमध्ये आहे ते विचारा. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा दर कायम आहे. न विचारता पैसे दिलेत तर पावणेतीनपट फटका. हॉटेलच्या दरातही कर आणि १० टक्के सेवाशुल्क धरलं आहे का, ते लेखी घ्या.

राजधानी सेंट जॉन्सहून १७ नंबरची मिनीबस येते. ती भरली की सुटते. रात्री आणि रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. गावातलं अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड मात्र जरूर पाहा. रवी शास्त्रीचं १९८३ मधलं शतक इथलं, आणि २००२ मध्ये जबडा बांधून कुंबळेने लाराला बाद केलं तेही इथेच.

कोरडे महिने डिसेंबर ते एप्रिल, भावही तेव्हाच चढे. एप्रिलमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यती असल्या की खोली मिळणं कठीण आणि झोप त्याहून कठीण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळांमुळे बरीच हॉटेलं बंदच असतात. मे-जूनचा सुरुवातीचा काळ भावाला आणि शांततेला सर्वांत चांगला.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर तिथे उतरल्यावर शुल्क भरून घ्यायची सोय आहे, पण निघण्याआधी ताजा नियम पाहून त्याची छापील प्रत जवळ ठेवा, कारण अडवतात ते भारतातल्या विमानतळाच्या काउंटरवर. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, म्हणून न्यूयॉर्क-मायामीमार्गे जाणाऱ्याचं काम एकाच व्हिसात भागतं. विमानतळ बेटाच्या उत्तरेकडे, गोदी दक्षिणेला. मध्ये पाऊण तास धरा, आणि सकाळचं विमान असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.