छोटा पिकअप की मिडसाइज, माझं डोकं फिरलंय

गेले दोन महिने एकच किडा डोक्यात वळवळतोय, फोर्ड मॅव्हरिक घ्यावी की टोयोटा टॅकोमा. ऑफरोडिंग म्हणजे माझं काय, वर्षातून चार-पाच वेळा कच्चा रस्ता, थोडा चिखल, बास. मॅव्हरिक मोनोकॉक आहे, म्हणजे कारसारखीच बॉडी, लांबी साधारण 200 इंच, पार्किंगला त्रास नाही आणि हायब्रिड तर पेट्रोल अक्षरशः चाटून चाटून पिते. पण तिला लो रेंज, म्हणजे गाडी अगदी हळू पण जास्त ताकदीने चालवणारं जादा गिअरिंग, नाही ना, तिथेच घोडं अडतं.

टॅकोमा लॅडर फ्रेमवाली, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली, फोर बाय फोर घेतली की लो रेंज येतंच. मित्राच्या गाडीत बघितलं, दगडांच्या उतारावर त्याने लो टाकलं आणि ब्रेकवरचा पाय काढला, गाडी मुंगीच्या पावलांनी खाली, इंजिनच तिला धरून ठेवत होतं. माझ्या जुन्या क्रॉसओव्हरमध्ये त्याच उतारावर ब्रेक तापून जळका वास आला होता, त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच लागतो. (बायको म्हणते तो वास तुझ्या ड्रायव्हिंगचा होता.)

पण रोज ऑफिसला लॅडर फ्रेम हाकायची, खड्ड्यात मागून उड्या खायच्या, ते पण चार दिवसांच्या हौसेसाठी? मला वाटतं ऑलव्हील ड्राइव्ह मॅव्हरिक, चांगले ऑल टेरेन टायर आणि कच्च्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी करायची सवय, एवढ्यावर माझं भागेल. ट्रेमर व्हेरियंटला क्लिअरन्सही थोडा जास्त मिळतो. शनिवारी टेस्ट ड्राइव्ह आहे, बघू.