खांब कोणी उभे केले?

तलाठी फोनवर धापा टाकत होते. "मॅडम, रस्त्याच्या कामात महाल निघालाय. गाव जमलंय, जेसीबी बंद पाडलाय. तुम्ही आजच या."

मी भूवैज्ञानिक आहे. माझं रोजचं काम विहिरी, पाझर तलाव आणि बोअरला पाणी लागेल की नाही याचे दाखले. महालाचं बोलावणं तसं दुर्मीळच. तरी गाडीत बसतानाच काय निघालं असेल याचा अंदाज आला होता. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीजवळ काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामात असेच दगडी खांब निघाले होते आणि त्याच्या बातम्या सगळीकडे फिरल्या होत्या.

टेकडीची एक कूस कापून काढली होती. कापलेल्या भिंतीत काळेकभिन्न खांब, एकाला एक चिकटून, दोन पुरुष उंच. एकेका खांबाची जाडी फूट-सव्वा फूट, कडा सरळ, पृष्ठभाग सपाट. पहिल्या खांबाला हळदकुंकू लागलं होतं, खाली नारळाच्या करवंट्या. पांडवांचं नाव निघालंच होतं. महाराष्ट्रात न कळलेला दगड पांडवांच्या खात्यावर जमा करायची पद्धत आहे. दुसरा गट गुप्तधनाचा. तो आवाज खाली ठेवून बोलत होता.

तिसरा पक्ष शाळेतल्या गुरुजींचा, आणि तो खरोखर विचार करण्यासारखा होता. त्यांचं म्हणणं, हे हेमाडपंती बांधकाम. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा बसवलाय की सुरीचं पातं जाणार नाही. वर त्यांनी पुरावाही दाखवला. प्रत्येक खांबावर चार-चार बोटांच्या अंतराने आडवे पट्टे होते. "हे टाकीचे घाव, मॅडम. निसर्ग असे घाव घालतो का?"

अशा वेळी 'हा बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होताना असं होतं' एवढं सांगून मोकळं होता येतं. पण मला ते पटत नाही. लोकांनी पुरावा मांडलाय, तर उत्तरही पुराव्यानेच द्यावं.

ठेकेदाराकडे दगड फोडायला आलेले एक वडार काका बाजूला बिडी ओढत उभे होते. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मी त्यांनाच पुढे बोलावलं. "काका, टाकीचे घाव आहेत का हे?"

त्यांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग सरळ उभं राहून म्हणाले, "न्हाई बाई. टाकीचा घाव एका अंगाला खोल लागतो, दुसऱ्या अंगाला उथळ. हाताचा कल उतरतो त्यात. इथं कलच न्हाई." थोडं थांबून पुढे, "आन् येवढे खांब घडवायचे, तर कपच्यांचा डोंगर पडल. तो कुठं हाय?"

हे वाक्य मला स्वतःला सुचलं नसतं. घडवलेल्या वस्तूबरोबर नेहमी तिचा कचराही असतो. मातीत एकही कपची नव्हती.

पट्ट्यांचं कारण मी सांगितलं. लाव्हाचा थर वरून आणि खालून थंड होत आत येतो. थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो. ही तड एकदम आरपार जात नाही. थोडी पुढे सरकते, थांबते, आतला भाग पुरेसा थंड झाला की पुन्हा सरकते. प्रत्येक थांब्याची खूण म्हणजे एक पट्टा. म्हणूनच शेजारच्या दोन खांबांच्या समोरासमोरच्या बाजूंवर पट्टे तंतोतंत जुळतात. एकाच तडीच्या त्या दोन बाजू. एक खांब आधीच सुटला होता. तो पहारीने सरकवून गुरुजींना दाखवलं. पट्ट्याला पट्टा लागत होता.

मग हेमाडपंतीचा मुद्दा. "गुरुजी, देवळाचा दगड मागून कसा असतो?" ते लगेच म्हणाले, "ओबडधोबड. दिसणारी बाजू तेवढी घडवतात." हे खांब मात्र चारी अंगांनी, जिथे कुणाची नजर कधीच पडणार नव्हती त्या बाजूंनीही, सारखेच सपाट. कारागीर मेहनत वाचवतो. ज्याला मेहनतच पडत नाही तो कशाला वाचवेल?

पोरांना खडू देऊन खांबांचे कोन मोजायला लावलं. सहा कोनांचे बरेच, पाच-सातांचेही पुष्कळ, एखादा चारांचा. तडा एकमेकींना मिळतात तेव्हा साधारण १२० अंशांत मिळण्याकडे त्यांचा कल असतो, कारण ताण तसा सगळ्यात चांगला सुटतो. त्यातून षटकोन येतात, पण मोजून-मापून नव्हे. आयर्लंडच्या उत्तरेला जायंट्स कॉजवे नावाचा किनारा आहे. तिथे असेच सुमारे ४०,००० खांब आहेत आणि तिथल्या लोकांनी ते एका राक्षसाच्या नावावर लावले आहेत. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल हेच. सुमारे २०० फूट उंच, डोक्यावर गावदेवीचं मंदिर, आणि सगळीकडून इमारतींनी वेढलेली.

शेवटचं उत्तर ओळंब्याने दिलं. मिस्त्रीकडून तो मागून घेतला आणि खांबाला लावला. खांब ओळंब्यात नव्हता, सगळेच खांब एका बाजूला कलले होते. खाली लाल मातीसारखा जो थर दिसत होता, तो उताराचा होता. त्या थराशी मात्र खांब काटकोनात होते. माणूस खांब उभा करतो तो जमिनीचा उतार मोडून, सरळ. थंडावा ज्या पृष्ठभागातून आत शिरतो त्याला काटकोनात तड जाते. तिला ओळंबा माहीत नसतो.

गर्दी पांगायला लागली. गुप्तधनवाले आधी गेले.

तेवढ्यात गळ्यात माळ असलेले एक आजोबा पुढे आले. "पोरी, पाथरवटानं केलं न्हाई, मान्य. पण मंग दगडाला तडकायचं ग्यान कुणी दिलं?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "आजोबा, माणसाने केलं का, एवढंच मी सांगू शकते. कारण माणसाचा हात मला माहीत आहे. तो कुठे दमतो, काय वाचवतो, काय टाकून देतो. देवाच्या हाताची सवय मला माहीत नाही, मग त्याची खूण ओळखू कशी?" ते हसले. "आमालाबी कुठं म्हाईत हाय," म्हणाले आणि खांबाला हात जोडून गेले. मला ते उत्तर माझ्या उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटलं.

खरी गंमत पुढेच होती. कोन मोजणाऱ्या पोरांपैकी एकाने खिशातून खडे काढून मला दाखवायला सुरुवात केली. लाव्हाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या कॅल्सेडनीच्या गारगोट्या, आमच्याकडे शेताशेतात सापडतात. काही ताज्या फुटलेल्या, जेसीबीच्या दातांखाली आलेल्या. त्यांतल्या एका छिलक्यावर, म्हणजे घावाने सुटलेल्या कपचीवर, आघाताचा फुगवटाही (घाव बसतो तिथे खाली उठणारा उंचवटा) छान उठला होता. पुरातत्त्वाच्या वर्गात शिकवतात तसा. म्हणजे फुगवटा असला की माणसाचं हत्यार, हेही खरं नाही. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिव्हारा इथली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात, त्यातून माणसाच्या छिलक्यांसारखेच छिलके पडतात, आणि माकडं ते वापरतच नाहीत. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा पुराश्मयुगावर काम करणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली होती.

पण त्या खड्यांमध्ये एक अंगठ्याएवढा तुकडा वेगळा होता. जुना, मळकट, चकाकी गेलेला. वरून सपाट. त्या सपाट कडेपासून खाली अरुंद, लांबट, एकमेकांना समांतर खाचा उतरलेल्या, सगळ्या एकाच दिशेने. प्रत्येक खाच आधीच्या दोन खाचांमधल्या कण्यावरून काढलेली. म्हणजे पुढचं पातं कुठून निघणार हे आधीच्या घावाच्या वेळी ठरलेलं. हा गाभा होता. यावरून कुणीतरी दगडी पाती काढली होती. जेसीबी असा क्रम पाळत नाही.

मी तो वडार काकांच्या हातावर ठेवला, काही न सांगता. त्यांनी उन्हात धरून फिरवला आणि एका जागी नख टेकवलं. तिथे दोन खाचा मध्येच अडखळून पायरीसारख्या थांबल्या होत्या. "ह्यो मातर कुणीतरी घडवलाय," ते म्हणाले. "हितं त्याचा घाव फसला. पुन्यांदा मारला, पुन्यांदा फसला. मंग फेकून दिला."

आखीव-रेखीव खांबांत कुणाचाच हात नव्हता, आणि या मळक्या तुकड्यात एका माणसाचं फसणंसुद्धा वाचता येत होतं. त्याला जे हवं होतं ते मिळालं नाही, हे कळतं; कारण काय हवं होतं ते उरलेल्या खाचांवर लिहिलेलं आहे.

पोराला जागा दाखवायला लावली. खांबांच्या वरच्या काळ्या मातीत, कापलेल्या कडेजवळ. मोजपट्टी ठेवून फोटो काढले, ठिकाणाची नोंद केली आणि पुरातत्त्वातल्या एका परिचित प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचा निरोप संध्याकाळपर्यंत आला. गाभा नक्की. पण जमिनीवर सुटा सापडलेला, त्यामुळे काळ सांगता येणार नाही. अशी पाती मध्याश्मयुगातही, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी काळातही काढत आणि पुढे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांनीही काढली. आसपास आणखी तुकडे आहेत का ते बघायला येतो, तोवर माती हलवू नका.

ठेकेदाराला हे समजावणं महालापेक्षा अवघड गेलं. खांबांसाठी काम थांबवायला तो तयार होता, त्यात त्याला वजन वाटत होतं. अंगठ्याएवढ्या गारगोटीसाठी मात्र नाही. शेवटी अहवालात दोन्ही लिहिलं : खांब नैसर्गिक, शक्य तेवढे जागेवर राखावेत, वरच्या मातीचा पट्टा पाहणी होईपर्यंत उकरू नये. सरपंचांनी सही करताना विचारलं, "मॅडम, बोर्डावर काय लिहायचं मग? खांबांचं की गारगोटीचं?" मी दोन्हींचं लिहा म्हटलं. त्यांनी पाटी रंगवायला टाकली ती खांबांचीच.