नाक ऐकत नाही

फ्रान्समधल्या अर्ब्वाहून परत आल्यापासून डोक्यात एकच चाललंय. वाईनचा पेला नाकाशी नेला आणि मेथीच्या लाडवाचा वास आला. झालं ते एवढंच. पण दोन दिवस झाले, काही सुचत नाहीये.

शार्डोने द्राक्षाची वाईन म्हटलं की जो तो फ्रान्समधल्या बर्गंडीला पळतो. तिथून पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या अलीकडे, झ्युराची जेमतेम ऐंशी किलोमीटरची पट्टी आहे, अर्ब्वा तिथलंच. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही, म्हणून तर आम्ही गेलो. तळघरातल्या बाईंनी दोन पेले शेजारी शेजारी ठेवले. द्राक्ष एकच, शार्डोने. पहिली वाईन नेहमीच्या रीतीची: पिंपातली वाईन उडून कमी होते, तसं पिंप वरचेवर भरत राहायचं. लिंबू, पांढरी फुलं, छान. दुसरी २०११ ची. तिचं पिंप भरतच नाहीत. वर यीस्टचा पातळ थर धरतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्याच्याखाली वाईन वर्षानुवर्षं पडून राहते.

रंग गडद सोनेरी. आधी अक्रोडाच्या सालीचा वास, आणि त्याच्या मागोमाग, काही कळायच्या आत, मी बाळंतिणीच्या खोलीत. शेगडी, ओव्याची धुरी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, आणि पहाटे दारात उभ्या सासूबाई, हातात ताटली.

“अक्रोड,” हा म्हणाला. “तुला काय येतंय?”

“काही नाही,” म्हटलं.

रात्री हॉटेलवर शोधून वाचलं. भास नव्हता. सोटोलॉन नावाचं द्रव्य असतं. मेथीच्या दाण्यांना तो वास त्याच्यामुळेच येतो, आणि त्या सायीखाली मुरलेल्या वाईनमध्येही तेच तयार होतं. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं तरी नाकाला पुरतं. भास असता तर बरं झालं असतं.

मग चिडचिड सुरू झाली. इतक्या वर्षांनी दोघंच कुठे तरी गेलो, लेक मैत्रिणीकडे, कोणाचं काही करायचं नाही, आणि तिथेही तीच खोली? त्या सव्वा महिन्यात मला कोणी एकदा तरी विचारलं का... जाऊ दे. आई तेव्हा येऊ शकली नव्हती, तेही जाऊ दे. पण लाडू! मला घामाला मेथीचा वास यायचा, उशीला यायचा, लेकीच्या टाळूलाही यायचा. पुढे कधी तरी वाचलं, की आईच्या पोटात मेथी गेलेली असली तर बाळाला येणाऱ्या अशा वासानं परदेशात डॉक्टरही चकलेत. एका दुर्मिळ आजारात बाळाच्या लघवीला असाच वास येतो म्हणे. मी आपली अर्धा लाडू खायचे आणि अर्धा गादीखाली सारायचे. मुंग्यांनी चहाडी केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लाडू लहान झाला आणि त्या समोर बसायला लागल्या.

आणि आता तोच वास घ्यायला मी गाडी करून बासेलहून जाते, डोळे मिटून पेला गोल फिरवते, वर युरो मोजते. कारण खरी गोष्ट ही, की आवडली. फार आवडली. पहिल्या पेल्याकडे मी परत पाहिलंसुद्धा नाही. कॉन्ते चीजचा तुकडा तोंडात असताना तर विचारूच नका. वास अख्खा मेथीचा आणि कडूपणा कुठेच नाही, नुसती खणखणीत, किंचित खारट आंबट चव. लाडवानं तेव्हा एवढी सूट दिली असती तर गादी वाचली असती.

शेवटी आज सासूबाईंना फोन केला.

“दारूत मेथ्या? कोण घालतं गं?”

“कोणी घालत नाही, आपोआप होतं.”

“मग कडू लागत असेल.”

“नाही, आंबट.”

जरा थांबल्या. “आंबट आणि मेथी. म्हणजे मेथांबाच की. गूळ तेवढा राहिला.”

बाटली अर्धी उरलीये. या वाईनला घाई नसते, उघडल्यावरही काही आठवडे चांगली राहते. तेवढ्यात स्टेशनमागच्या तमिळ दुकानात कैरी आली तर बघते. मोहरी, मेथ्या, गूळ घरात आहे.