बारावा गडी

रविवारी दुपारी जेवण आटोपून फोन उघडला, तर टेक्सासात शिकणाऱ्या भाचीचा निरोप आला होता : "मामा, पायांचे तुकडे पडलेत." कॉलेज स्टेशनच्या काइल फील्डवर ती आपल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला गेली होती. लाखाहून अधिक माणसे मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये मागे बसायला बाक असूनही विद्यार्थी सामना संपेपर्यंत उभेच राहतात. मला लग्नात मंगलाष्टके संपेपर्यंत उभे राहणे जिवावर येते, त्यामुळे या हौसेचे मूळ शोधणे भागच होते.

ते सापडले 2 जानेवारी 1922 च्या डॅलसमध्ये. समोर सेंटर कॉलेजचा बलाढ्य संघ होता आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला किंग गिल त्या दिवशी एका वार्ताहराला खेळाडू ओळखून देण्याचे काम करीत होता. प्रशिक्षक डेना बायबल यांनी त्याला खाली बोलावले. एका जखमी खेळाडूचा गणवेश चढवून तो कडेला उभा राहिला आणि शेवटपर्यंत उभाच राहिला. ए अँड एमने सामना 22-14 असा जिंकला. गिलला मैदानात उतरावेच लागले नाही, पण अकरांच्या संघाचा हा 'बारावा गडी' सज्ज उभा होता, म्हणून विद्यार्थी आजही सामनाभर उभे राहतात.

आमच्या आळीच्या क्रिकेटसंघात मी कायमचा राखीव होतो. संघाकडे असलेले एकुलते एक पॅड डाव्या पायाला बांधून मी दुपारभर कुंपणाच्या भिंतीवर बसे आणि आतल्या कोणाला तरी त्याच्या आईने हाक मारावी, अशी मनोमन प्रार्थना करी. गिलच्या मनात असले काही आले असेल असे वाटत नाही, म्हणून त्याचा पुतळा झाला. पुढे विद्यापीठाने 'बारावा गडी' या बिरुदाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली आणि ते वापरणाऱ्या सिएटलच्या व्यावसायिक संघाला 2006 मध्ये कोर्टात खेचले. न खेळलेल्या माणसावरून एवढी खेळी क्वचितच झाली असेल.

मला मात्र त्यांची रेव्हिली अधिक आवडते. विद्यापीठाची शुभंकर असलेली ही कोली जातीची कुत्री तिथल्या छात्रदलात सर्वोच्च हुद्द्यावर असते आणि ती वर्गात भुंकली तर तास सुटतो, असा संकेत आहे. आधीच्या रेव्हिलींना स्टेडियमबाहेर, गुणफलक दिसेल अशा बेताने पुरले होते. स्टेडियम वाढवताना तो झाकला गेला, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा छोटा फलक लावण्यात आला.

आणखी एक परंपरा होती. टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी हजारो ओंडके रचून विद्यार्थी प्रचंड होळी पेटवीत. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे ती रास रचली जात असतानाच कोसळली आणि अकरा विद्यार्थी व एक माजी विद्यार्थी असे बारा जण गेले. आठच दिवसांनी सामना झाला आणि ए अँड एमने तो 20-16 असा जिंकला. जिथे रास कोसळली तिथे आता बारा कमानी आहेत, प्रत्येक कमान त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेने उघडणारी. विद्यापीठाने होळी बंद केली, तरी काही विद्यार्थी आवाराबाहेर ती अजून रचतात. त्यांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही, पण भाची तिथे ओंडके उचलायला गेली, तर मी तिला आजच फोन करीन.