पंधराव्या वर्षी कॉलेज, तेही सोलापुरातच

बारावीचा निकाल लागला २०१८ च्या मेमध्ये, तेव्हा मला पंधरा पूर्ण होऊन जेमतेम चार महिने झाले होते. ताईच्या मागे लागून मी साडेचार वर्षांची असतानाच पहिलीत बसले होते आणि पुढं बाईंनी दुसरी गाळून थेट तिसरीत घातलं. तेव्हा घरी सगळ्यांना कौतुक होतं. अडचण बारावीनंतर समोर आली. नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण लागतात. मला दोन वर्षं कमी. डॉक्टरकीचा विषय तिथंच मिटला, मग बी.एस्सी. ठरलं.

पण कुठं? आण्णा, माझे वडील, यंत्रमागावर कामाला. कारखान्यातले सगळे एकच सांगायचे, "पोरगी हुशार आहे, पुण्याला टाका." फर्ग्युसन १८८५ चं, नावाला केवढं वजन! आमचं सोलापूर विद्यापीठ मात्र २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथल्या कॉलेजांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी मिळायची. मला तेव्हा एवढंच कळलं की कॉलेज तेच, शिकवणारे तेच राहतात आणि पदवीवरचं नाव बदलू शकतं. आणि खरंच, मी शिकत असतानाच, २०१९ मध्ये, विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं.

तरी आण्णा मला पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला घेऊन गेले. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका मोठ्या कॉलेजच्या वसतिगृहात खिडकीतल्या माणसानं जन्मतारीख बघितली आणि फॉर्म परत सरकवला. "अठरा नाहीत. इथं राहणारं जवळचं कुणी असेल तर या." आमचं पुण्यात कुणीच नव्हतं. आण्णा तो फॉर्म घडी करून खिशात ठेवत होते तेव्हाचे त्यांचे हात मला अजून दिसतात. त्या माणसानं निदान बसा तरी म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या एका नावाजलेल्या ठिकाणी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बघितली. ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या उभ्या नळ्या, ओळीनं लावलेल्या, चकाचक. मी एकीचा कॉक, खालची तोटी, फिरवून पाहिला, तो घट्ट बसलेला. दुसरीचाही तसाच. कितीतरी दिवसांत कुणी हात लावला नसावा.

सोलापुरात परत आल्यावर इथल्या कॉलेजात गेले. टेबलांवर पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग, सिंकमध्ये धुवायला पडलेले फ्लास्क. सुट्टी असूनही तिघं-चौघं काम करत होते. एका मॅडमनी विचारलं, "तू कुणाची धाकटी?" मी म्हटलं, मीच प्रवेशाला आलेय. त्या हसल्या नाहीत. "मग ये, हे रीडिंग घे," म्हणाल्या. ब्युरेट माझ्या डोळ्यांच्या वर होती. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी न सांगता स्टूल आणून ठेवलं. परमँगनेट गडद असतं, नळीतल्या द्रवाची खालची कड दिसत नाही, म्हणून वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं, हे मी त्या स्टुलावर उभी राहून शिकले. माझ्या मनानं तिथंच घेतलं.

सगळं गोड होतं असं नाही. वर्गातल्या मुली अॅक्टिव्हावर यायच्या, मला लायसन्सचं वय नव्हतं, मी सिटी बसनं. मतदार नोंदणीचं शिबिर लागलं तेव्हा मी बाहेर बसले. सहलीला प्रत्येक वेळी वेगळं संमतिपत्र. कॅन्टीनमधल्या गप्पांत माझ्यापुढं विषय बदलायचे, ते जास्त लागायचं. गॅदरिंगला पहिल्या वर्षी गेलेच नाही. पण पहिल्या चाचणीत कमी मार्क पडले तेव्हा मॅडमनी आईला फोन केला नाही, मलाच बोलावून घेतलं आणि उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवली. पंधराव्या वर्षी मला तेवढंच हवं होतं, की मोठ्यांसारखं वागवावं पण स्टूल लागेल हेही लक्षात असावं.

शेवटचं वर्ष कोरोनात मोबाईलवरच गेलं.

एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती. वसतिगृहाचा फॉर्म मी स्वतः भरला. आण्णा स्टेशनपर्यंतच आले.